वाघ्याविषयी, आई-बाबांस

ती. आई व बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपुरता म्हणून कर्जतजवळच्या शेतावर ठेवलेला वाघ्या आता पाचपाखाडीच्या घरी परत येणार नाही, असे दादाने आणि मी ठरवले आहे. हे फोनवर सांगितले असते तर बाबांनी नुसते ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने जेवणाचे विचारून विषय बदलला असता, म्हणून लिहिते आहे.

‘तो कुत्राच आहे, तुम्ही उगाच घाबरता’ हे बाबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. अडचण उरलेल्या अर्ध्याची, म्हणजे त्याच्यातल्या लांडग्याच्या रक्ताची आहे. चेकोस्लोव्हाकियात १९५५ साली जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांच्या संकराचा प्रयोग सुरू झाला आणि त्यातून पुढे एक रीतसर जात तयार झाली, परंतु वाघ्याच्या जन्मदात्यांचा एकही कागद विकणाऱ्याने दादाला दिला नाही, त्यामुळे त्याच्यात लांडगा किती हे कोणीच सांगू शकत नाही. अशा प्राण्याचा खरा स्वभाव साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, तो वयात येताना उघड होतो, आणि वाघ्या नेमका त्याच वयात आहे. पिल्लू असताना तो बाबांच्या पायांशी झोपत असे, यावरून पुढचे काही ठरवता येत नाही.

तो घराची राखण करील, हीही आपली समजूतच होती. लांडग्याचे रक्त असलेला प्राणी अनोळखी माणसाला सहसा बुजतो. गॅसवाला आला की वाघ्या दिवाणाखाली शिरायचा, हे आईनेच हसत सांगितले होते. मात्र आई भाजीला गेली की एकटेपणाने त्याने सोफ्याचा कापूस केला, बाल्कनीची जाळी वाकवली आणि रात्री-अपरात्री गळा काढून सगळी इमारत जागवली. ते त्याचे वाईट वळण नव्हे. कळपाशिवाय राहणे त्याला सोसत नाही. सोसायटीतल्या कोणाच्या बोलण्यावरून मी हे करते आहे, असे कृपया समजू नये. पस्तीस किलोचा प्राणी मांजरामागे झेपावला, तर नव्या गुडघ्याने त्याचा पट्टा कसा धरणार? आई रक्त पातळ होण्याची गोळी घेते. तिला त्याने लाडाने मारलेला पंजाही महाग पडेल.

लसीचेही आहेच. अशा संकरांसाठी म्हणून मान्यता मिळालेली रेबीजची लस अमेरिकेतही नाही. पशुवैद्य कुत्र्याचीच लस देतात, तशी आपणही दिली आहे, पण उद्या तो कोणाला चावला तर तेवढ्याने समोरच्याचे समाधान होणार नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने आक्रमक कुत्र्यांच्या जातींवर बंदीसाठी काढलेल्या पत्रकातल्या यादीत हे संकरही होते. ते पत्रक एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले, आणि बाबांनी ते कात्रण मला दोनदा दाखवले आहे. तरीही आपला देशी लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि बिनकागदाच्या वाघ्याविषयी कोणी विचारणा केली तर बाबांनी या वयात कचेऱ्यांचे जिने चढावेत, हे मला पटत नाही.

तिकडे त्याची आबाळ नाही. माझी वर्गमैत्रीण स्वतः पशुवैद्य आहे. तिने आठ फूट उंचीचे, वरून आत वाकवलेले कुंपण घातले आहे आणि तो उकरून निसटू नये म्हणून जाळी जमिनीतही पुरली आहे. आत आंब्याची दाट सावली आहे, पाण्याचा हौद आहे आणि सोबतीला एक शांत कुत्री आहे. खर्च दादा आणि मी वाटून घेतो. बाबांनी पेन्शनमधून काहीही पाठवू नये.

पंख मोडलेली साळुंकी बरी होऊन उडून गेली, तेव्हा मी रडून मोकळी झाले होते, पण बाबा, तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हता आणि आई ‘दमलेत’ म्हणून आम्हाला सांगत होती. म्हणूनच हे पत्र लिहायला मला इतका वेळ लागला. तुम्ही त्याचे कमी केले असे कोणी म्हणणार नाही. मध्यरात्री त्याच्याजवळ जाऊन बसणारे तुम्हीच होता.

आता ऐका. डॉक्टरांनी परवानगी दिली की सकाळी कचराळी तलावावर एकच फेरी मारायची, आणि तीही काठी घेऊन. आईने गोळीची वेळ चुकवायची नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी सीवूड्सहून ठाण्याला येईन आणि आपण गाडीने वाघ्याला भेटायला जाऊ; लोकलने परस्पर निघायचे नाही. आईने त्याच्यासाठी तूप लावलेल्या पोळ्या बांधायच्या नाहीत, त्याला मांसच लागते. मैत्रीण सोबत असल्याशिवाय बाबांनी कुंपणाच्या आत पाऊल टाकायचे नाही, तो कितीही ओळखीने शेपूट हलवो. दादा दुसरे पिल्लू आणतो म्हणाला, तर त्याला मला फोन करायला सांगावे. आणि बाबा, शेतावरच्या गड्याला ‘टेम्पो पाठव’ असा निरोप द्यायचा नाही. त्याला मी आधीच बजावून ठेवले आहे.

तुमची,
चिऊ