दगडी गोळ्यांचं ‘रहस्य’ उलगडलं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडमधल्या नवाश्मयुगीन दगडी गोळ्यांवर अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. फोटोही छान होते. तक्रार आहे ती शीर्षकाबद्दल. ‘पाच हजार वर्षांचे रहस्य उलगडले’ असं ठळक अक्षरांत छापलंय, आणि खाली उलगडा म्हणून सांगितलंय ते एवढंच, की अवजड शिळा सरकवायला हे गोळे बॉल बेअरिंगसारखे वापरत असत. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. बेअरिंगचं नाव निघालं की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्यांच्या नजरेतून तो लेख सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इ.स.पू. ३२०० ते २५०० या काळातले हे गोळे चारशेहून अधिक सापडलेत. बहुतेक सगळे ईशान्य स्कॉटलंडमध्ये, त्यातही ॲबर्डीनशायर भागात. व्यास साधारण ७ सेंटिमीटर, म्हणजे मुठीत नीट बसेल एवढा. अंगावर उंचवटे, कुठे तीनच, कुठे चक्क १६०, पण सहा उंचवट्यांचे सर्वांत जास्त. धातू अजून हातात आलेला नाही अशा माणसांनी दगडाने दगड ठेचून आणि घासून ते घडवले आहेत.

आता बेअरिंग. ही कल्पना २०१० मध्ये एक्झिटर विद्यापीठातल्या एका संशोधकाने मांडली, आणि नुसती मांडली नाही, तर खाचा पाडलेल्या लाकडी फळ्या आणि लाकडी गोळे घेऊन जड ओझं सरकवूनही दाखवलं. प्रयोग झकास आहे, त्याला माझा सलाम. पण त्यातून सिद्ध काय झालं? गोळ्यांवरून ओझं सरकतं, एवढंच. ‘हेच’ गोळे त्यासाठी होते, हे कुठे सिद्ध झालं? बेअरिंगमधला एक गोळा बाकीच्यांपेक्षा जरासा मोठा निघाला की सगळा भार तो एकटाच घेतो आणि बाकीचे नुसते सोबतीला फिरतात. म्हणून आम्ही त्या मापासाठी जीव टाकायचो. इथे या गोळ्यांच्या अभ्यासक डोरोथी मार्शल यांनी १९७७ मध्ये ३८७ गोळ्यांची जी यादी केली, तीत बहुतेकांचा व्यास ७ सेंटिमीटरच्या आसपास असला तरी डझनभर गोळे चांगले ९ ते ११ सेंटिमीटरचे आहेत. फळी लाकडाची असली की थोडं दबून जातं, हे मान्य. तरी मुख्य शंका उरतेच: ओझ्याखाली घालायचा गोळा असेल तर तो गुळगुळीत ठेवायचा सोडून त्याच्यावर सहा उंचवटे काढण्याचा उपद्व्याप कोण करेल? उंचवट्यांचा गोळा सरळ घरंगळत नाही, अडखळतो. आणि इतक्या मेहनतीची नक्षी टनावारी दगडाखाली चिरडायला कोणता कारागीर देईल?

बाकीच्या तर्कांची गतही फारशी वेगळी नाही. वजनं म्हणावीत, तर ती कोणत्याही एका पट्टीत बसत नाहीत. खाचेत चामड्याची वादी बांधून फेकायचं हत्यार म्हणावं, तर शिकारीत हरवू शकेल अशा वस्तूवर कोणी इतकं कोरत बसत नाही. एका लहान चौकटीत तुम्ही ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचाही उल्लेख केलात, की प्लेटोच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधी या लोकांना पाच सुसम घनाकृती (ठोकळ्यासारख्या, सगळ्या बाजू हुबेहूब सारख्या असलेल्या आकृती) ठाऊक होत्या. इथे मला वाचकांना एक घरगुती उद्योग सुचवायचाय. ओल्या मातीचा गोळा घ्या आणि त्यावर सहा वाटाणे एकमेकांपासून शक्य तितके लांब दाबून बसवा. काही विचार न करता हात आपोआप वर एक, खाली एक आणि कंबरेला चार असे वाटाणे लावतो. झाली तुमची घनाकृती. समान अंतर ठेवायची नजर हवी, ती या लोकांकडे होतीच. तिला भूमितीचं शास्त्र म्हणायची गरज नाही. मी सात वाटाण्यांचाही प्रयत्न केला. ते काही केल्या सारख्या अंतरावर बसेनात, आणि नातवाने शेवटी एक वाटाणा पळवून प्रश्न सोडवला.

मला खरी अडचण वाटते ती ‘हे कशासाठी होतं?’ या प्रश्नातच. वस्तू एकदा घडली की तिचा उपयोग कायमचा ठरला, असं आपण गृहीत धरतो. याहून कितीतरी जुन्या दगडी गोळ्यांची एक गोष्ट सांगतो. इस्रायलमधल्या केसेम गुहेत चार ते दोन लाख वर्षांपूर्वी माणसं राहत होती. तिथल्या दगडी गोळ्यांवरची झीज आणि चिकटलेले अवशेष तपासून २०२० मध्ये संशोधकांनी सांगितलं, की हाडं फोडून आतली मज्जा काढायला हे गोळे वापरले गेले. इथवर सरळ आहे. पण गोळ्यांवरचा जुना थर पाहता ते या लोकांनी घडवलेलेच नसावेत. आणखी जुन्या कुठल्यातरी ठिकाणाहून उचलून आणलेले असावेत. म्हणजे घडवणारा एक, वापरणारा दुसरा, मध्ये कोण जाणे किती हजार वर्षं. हे गोळे कशासाठी होते? उत्तर द्यायच्या आधी ‘कोणासाठी?’ हे विचारावं लागतं. हत्यार घडवणाऱ्याच्या मनात एक काम असतं आणि शॉपफ्लोअरवर त्याच्याकडून दहा वेगळी कामं करून घेतात, हे मी तीसेक वर्षं पाहिलंय. नवंकोरं पान्याचं हँडल हातोडी म्हणून वापरल्याबद्दल मी कित्येकांना झापलंय.

स्कॉटिश गोळ्यांबद्दलही तसंच काहीसं दिसू लागलंय. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१८ मध्ये ६० गोळ्यांच्या त्रिमिती प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यांवर तिरका उजेड टाकून पाहिल्यावर साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा दिसल्या, आणि काही गोळे एका दमात घडलेले नसून पुढे दीर्घ काळ त्यांत फेरफार होत राहिले असंही दिसलं. तुमच्या लेखात याला एक ओळही मिळालेली नाही. माझ्या मते सगळ्या तर्कांपेक्षा हे जास्त बोलकं आहे. जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या हातात राहते आणि जिच्यावर पुढचा माणूस आपली भर घालतो, ती कामाचं साधन असण्यापेक्षा घराण्याची किंवा मानाची वस्तू असण्याची शक्यता मला जास्त वाटते. हे गोळे थडग्यांतून जवळपास मिळालेच नाहीत, हेही त्याला धरून आहे: मेलेल्याबरोबर न जाता ते जिवंतांकडेच राहत असावेत. हा माझा अंदाज. शीर्षकात घालू नका!

उलगडा होत नाही याचं एक साधं कारण आहे, आणि त्यात गूढ काही नाही. यांतले बहुतेक गोळे नांगरताना, खणताना सहज हाती आले, मग कोणाच्यातरी खिडकीत किंवा कपाटात जाऊन बसले. शेजारी काय होतं, कोणत्या थरात होते, कोणालाच माहीत नाही. रीतसर उत्खननात मिळालेले मोजकेच, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरल्या स्कारा ब्रेसारख्या नवाश्मयुगीन वस्तीतले. वस्तू जागेवर सापडली तर काय फरक पडतो ते पाहायचं तर इंग्लंडच्या यॉर्कशरमधला खडूच्या दगडाचा नक्षीदार ‘ढोल’ (ढोलाच्या आकाराची भरीव वस्तू) पाहा. २०१५ मध्ये बर्टन ॲग्नेस गावाजवळ तो तीन मुलांच्या थडग्यात मिळाला, आणि सोबतच्या हाडांवरून त्याचा काळ इ.स.पू. ३००५ ते २८९० असा ठरला. तशाच तीन वस्तू १८८९ मध्ये यॉर्कशरमधल्याच फोकटन इथे एका मुलाच्या थडग्यात सापडल्या होत्या. त्या निदान पाचशे वर्षं अलीकडच्या मानल्या जात होत्या. जागेवर मिळालेल्या एका वस्तूने सव्वाशे वर्षांचा समज बदलला.

तेव्हा इंटरनेट आवृत्तीतलं शीर्षक तेवढं बदलावं, ही विनंती. आणि एक फोटोबद्दल. ॲबर्डीनशायरमधल्या टोवी इथे १८६० च्या सुमारास सापडलेला, चार उंचवट्यांचा तो प्रसिद्ध गोळा तुम्ही नेहमीच्याच बाजूने छापलात. त्याच्या तीन उंचवट्यांवर चक्राकार वळणांची अप्रतिम नक्षी आहे आणि चौथा कोरा आहे. काम अर्धवट राहिलं, की कोणासाठी तरी जागा सोडली? पुढच्या वेळी ती कोरी बाजू दिसेल असा फोटो छापा.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त फिटर)