नव्या गाडीबद्दल, सविस्तर

म्युनिक

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवणखाण, ऑफिस, थंडी हे सगळं फोनवर होतंच. गाडीचं सांगितल्यावर मात्र बाबा एकदम गप्प झाले, म्हणून नीट लिहितेय.

बीएमडब्ल्यू ५२०डी. इथून जवळच डिंगोलफिंगच्या कारखान्यात बनते. आई, मोठी आहेच ती, पाच मीटरहून लांब आणि १.९० मीटर रुंद. जुन्या इमारतींखालच्या पार्किंगमध्ये फार जपून लावावी लागते. पण हायवेला लागली की डिझेल आहे हे विसरायला होतं, इतकी शांत. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं आणि पुन्हा सुरू होताना जराही धक्का बसत नाही. सीट तर अशी की बाबांची कंबर तासन्‌तास कुरकुरणार नाही.

वेगाची काळजी करू नका. इथे हायवेच्या काही टप्प्यांवर वेगमर्यादा नाही हे खरं, पण १३० च्या वर जाऊ नये असा सल्ला तिथेही असतो आणि मी तो पाळते. शिवाय मर्यादा ओलांडली की गाडीच टिंगटिंग करते. जुलै २०२४ पासून युरोपात प्रत्येक नव्या गाडीत ते असावंच लागतं. बंद केलं तरी पुढच्या वेळी आपोआप चालू.

एक गोष्ट मात्र बघायलाच हवी. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, गाड्या तुंबायला लागल्या की सगळ्यात डावीकडच्या लेनमधले डावीकडे सरकतात, बाकीच्या सगळ्या लेनमधले उजवीकडे. मधोमध मोकळी वाट तयार होते, रुग्णवाहिकेसाठी. पुढे अपघात झालाय की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, सायरनही वाजलेला नसतो. नुसता वेग चालण्याइतका मंदावला तरी सरकायचं. नाही सरकलं तर किमान २०० युरो दंड आणि महिनाभर लायसन्स जमा. परवा मीही माझी एवढी रुंद गाडी कडेला घेऊन उभी होते आणि रुग्णवाहिका शेजारून सरळ निघून गेली. बाबांना दवाखान्यात नेताना दादा खाली उतरून रस्ता मोकळा करत पुढे पळत होता ना. मी इथे होते तेव्हा.

असो. बाबा, आता तब्येत छान आहे ना? गोळ्या वेळेवर घ्या.

पैशांचं म्हणाल तर गाडी लीजवर आहे, हप्ता पगारातून जातो. घराच्या कर्जाचे पैसे येतात तसेच येतील, त्यात एक रुपयाही कमी होणार नाही. दादाच्या साखरपुड्याला मात्र येणं जमत नाहीये, खूप प्रयत्न केला. होणाऱ्या वहिनीच्या साडीसाठी वेगळे पाठवलेत, आईनेच निवड. लग्न मेमध्ये धरा, रजा आत्ताच टाकून ठेवते.

आणि आत्याला सांगा, स्थळ बघायला माझी ना नाही. गाडी घेतली म्हणजे कायमचं इथेच राहायचं ठरवलं, असं नाही. बाबा, लीज फक्त ३ वर्षांची आहे.

तुमची,
ताई