सुट्या बिडीवर नंबर नसतो

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातली. आमच्या आप्पांची चाळीस वर्षांची बिडी. पहाटे केळीला पाणी धरायला निघताना एक, बांधावर एक, जेवण झालं की एक. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि टपरी बंद झाली. एप्रिलमध्ये तंबाखूविक्रीवरच केंद्राची बंदी आली. आप्पांची झोप उडाली, हात थरथरू लागले. आईवर कधी आवाज न चढवलेला माणूस ताट सरकवून उठायचा. आम्ही त्याला हट्टीपणा समजलो. निकोटिन सुटताना असंच होतं, त्यावर च्युइंगम मिळतं, हे मला फार उशिरा कळलं.

आठवड्याभरात कुणीतरी मागच्या दाराने बिड्या विकू लागला. तिप्पट भाव, त्याही सुट्या, कागदाच्या पुडीत. साहेब, २०१८ पासून बंडलावर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणारा मोफत नंबर छापलेला असतो. पुडीवर तो कुठून येणार? सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी विक्री बंद केली, तरी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे आजही एकेक बिडी मिळते.

जूनमध्ये जळगावचा मृत्युदर रोज पेपरात यायचा. धूम्रपान करणाऱ्याला करोना जास्त भोवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण गावाने त्याचा अर्थ ‘बिडीवाला गेलाच’ असा लावला. आप्पा उशीत तोंड खुपसून खोकायचे. आशाताई दारात आली की म्हणायचे, “काही नही, जुना खोकला शे.” पाच दिवस त्यांनी लपवलं. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, “बिडी ओढायचे ना?” त्यानंतर आमच्याशी कुणी धड बोललं नाही. आप्पा घरी आले नाहीत. ते पाच दिवस मी अजून मोजते.

पुन्हा कधी विक्री बंद करायची वेळ आली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात निकोटिनचं च्युइंगम आणि समजावणारं माणूस हवं. खरं तर ते आजच हवं. आशाताईला तापाबरोबर ‘बिडी सुटून किती दिवस झाले, झोप लागते का’ हेही विचारायला शिकवा. आमच्याकडे अहिराणीत, सातपुड्याच्या पाड्यांवर पावरीत. आणि खोकणाऱ्या माणसाला आधी खाट द्या, बिडीचं नंतर विचारा.

आपली नम्र,
चोपडा तालुक्यातील एक मुलगी