फुलावर आलेलं गाजर गवत पोरांच्या हाती देऊ नका

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात आमच्या गावची पाणंद, म्हणजे शेताकडं जाणारी वाट, गाजर गवतमुक्त झाल्याची बातमी वाचली. सोबतचा फोटो नीट पाहा. पोरांच्या हातातली रोपं पांढऱ्या फुलांनी भरलेली आहेत. एकेका रोपाला हजारोंनी बी धरतं. ती रोपं उपटून पाणंदीच्या कडेलाच ढीग घातला, फोटो काढले आणि मंडळी निघून गेली. त्या ढिगातून रोज जनावरं जातात. पुढच्या पावसात ते बी मळ्यामळ्यात उगवणार, ते कोण भांगलणार?

त्या पोरांत माझी नात होती. हातमोजे कुणी दिले नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून या, एवढंही शाळेतून सांगितलं नाही. रात्री तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, सकाळी पापण्या सुजून डोळे उघडेनात. शाळेत विचारायला गेलो तर तिथले म्हणाले, 'तिची कातडीच नाजूक असेल.' अहो, आमच्याकडच्या बायासुद्धा भांगलायला जाताना साडीवर घरच्या माणसाचा जुना शर्ट चढवतात. या गवतानं खाज सुटते, दमा बळावतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. शिकलेल्या माणसांना ते कळू नये याचा संताप येतो.

लोकांनी एकत्र येऊन पाणंदी साफ कराव्यात, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं हे काम नाही. पण गाजर गवत जागृती सप्ताह 16 ते 22 ऑगस्टला येतो आणि जूनच्या पावसावर उगवलेलं गवत तोवर फुललेलं असतं. जुलैत रोप वीतभर असतं, जमीन ओली असते, मुळासकट सहज निघतं. तेव्हा मोठ्या माणसांना बोलवा, हातमोजे द्या. पोरांना दिवाळीच्या सुमारास टाकळ्याचं बी गोळा करू द्या आणि उन्हाळ्यात पाणंदीच्या कडेनं फेकू द्या. टाकळा माजला की गाजर गवत दबतं, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते. ग्रामसभेत मी हे मांडलं होतं. इतिवृत्तात त्याची एक ओळ नाही.

आणखी एक. रविवारच्या पुरवणीत घाटवाटेवरच्या फोटोखाली 'सोनकीचा बहर' असं छापलंय. ती सोनकी नाही, कॉसमॉस आहे. मेक्सिकोकडून आलेलं हे झाड टेकड्यांवर पसरून आपल्या गवता-फुलांची जागा खातंय. असे फोटो पाहून लोक त्याचं बी हौसेनं आणून लावतात. कृपया दुरुस्ती छापावी, तीही फोटोसकट.

आपला,
एक जुना वाचक, कराड तालुका