आईचे नंबर परत देणाऱ्या दादांस

कराडच्या एसटी स्टँडमागच्या मोबाईल दुकानातल्या दादांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही फक्त स्क्रीनगार्डचे पैसे घेतलेत. बाकीच्या कामाचे किती झाले म्हणून मी पाकीट उघडून उभी, तर "त्याचं काय घ्यायचं, ताई" म्हणत तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलातसुद्धा. मागं कॉलेजची पोरं कव्हरं उलथीपालथी करत होती, कुणाचा तरी चार्जर चालत नव्हता, त्या गोंगाटात नीट बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून हे जाहीर पत्र. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर निम्मा तालुका लॉक झालेली सिमं घेऊन दारात येईल आणि तुम्ही सगळ्यांचं फुकटात करत बसाल, याची मला खात्री आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझी आई कांदा-लसूण मसाला करून विकते. उन्हाळा लागला की मिरच्या घरात येतात, आणि मग पावसाला तोंड फुटेपर्यंत आमच्याकडे शिंकल्याशिवाय कुणाचं वाक्य पुरं होत नाही. पापड, कुरडया, सांडगेही करते, पण नाव आहे ते मसाल्याचं. तिला दुकान नाही, पाटी नाही, छापील लेबल नाही. आहे तो फोन. बटणांचा, कडा झिजलेला, रबर लावून बॅटरीचं झाकण धरून ठेवलेला. त्यातले नंबर हेच तिचं दुकान. साताऱ्याच्या बाई, पुण्याच्या सोसायटीतल्या एकीमागून एक जोडल्या गेलेल्या दहा-बारा घरच्या, गडहिंग्लजकडची संकेश्वरी मिरची देणारा व्यापारी, ब्याडगी मिरची आणून देणारा, मसाला कुटून देणारा डंकवाला, खोबरंवाला, पार्सल घेऊन जाणारा ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर. वर्षानुवर्षांची ही माणसं. यातलं एकही नाव आईनं दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण फोन तिच्या कमरेला आणि ती फोनजवळ.

गावात तिच्या कंपनीची रेंज जायला लागली. आधी माडीवर गेलं की यायची, मग माडीवरही येईना. ऑर्डरी हुकायला लागल्या तशी तीच म्हणाली, बदल बाई ती कंपनी. आता पोर्ट करणं म्हणजे काही दिव्य नाही. १९०० ला मेसेज करायचा, आलेला कोड चार दिवसांच्या आत नव्या कंपनीला द्यायचा, तीन कामाच्या दिवसांत नंबर चालू. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची ही सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली. तेव्हापासून आपला स्वतःचा नंबर आपल्याकडे राहावा याची नियमानं काळजी घेतली जाते. आपल्याजवळ जपलेले दुसऱ्यांचे नंबर मात्र कुणाच्याच नियमात बसत नाहीत. ते सिममध्ये आहेत की फोनमध्ये, हे ना जुनी कंपनी विचारते ना नवी.

नव्या कंपनीच्या काउंटरवरच्या मुलानं जुनं सिम काढलं, नवं हातात दिलं आणि जुनं कापायला कात्री उचलली. आई म्हणाली, "राहू दे, माझं हाय ते." तो हसला. "मावशी, बाद झालं ते. त्यात काय नसतं आता." यातलं पहिलं वाक्य खरं होतं, दुसरं साफ खोटं. कंपनी बदलली की जुन्या सिमला रेंज मिळत नाही एवढंच, त्याच्या पोटात साठवलेली नावं तशीच राहतात. हे त्याला माहीत नसेल तर तो त्या काउंटरवर कशाला बसला होता, आणि माहीत असेल तर प्रश्नच मिटला. आईनं त्याच्या हातातून सिम हिसकावून घेतलं हे मात्र झकास केलं.

मग त्यातली नावं काढून घ्यायला दुसरं दुकान. त्यानं सिम एका फोनमध्ये घातलं, सेटिंगमध्ये शिरून काय काय दाबलं देव जाणे, आणि पिन मागितल्यावर एक दोन तीन चार, चार शून्य असले आकडे ठोकत बसला. तीन वेळा पिन चुकला की सिम लॉक होतं आणि पुक नावाचा आठ आकडी नंबर मागतं. त्यानं तोही अंदाजानं मारायला सुरुवात केली! मी हात धरला नसता तर दहाव्या चुकीला ते सिम कायमचं गेलं असतं, मग जगात कुणीच ते उघडू शकत नाही. जुन्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. "मॅडम, हा नंबर आता आमच्याकडे नाही, त्यामुळे माहिती देता येणार नाही." त्याच्या नियमात ते बसत असेल. पण तिथंच न थांबता तो पुढं म्हणाला, "ज्यांना गरज असेल ते तुम्हाला कॉल करतीलच ना."

दादा, हे वाक्य मी स्पीकरवर ऐकलं आणि आईनंही ऐकलं. ती काही बोलली नाही. पण मिरचीवाला कधी फोन करत नसतो, त्याला गरज नसते. गरज आईला असते. भाव पाडून घ्यायचा असतो तो तिला. त्या माणसाला हे कुठून कळणार.

अशा अवस्थेत आम्ही तुमच्याकडे आलो. खरं सांगायचं तर आशेनं नाही, नव्या फोनला स्क्रीनगार्ड घ्यायला. सिमचा विषय आईनंच काढला. तुम्ही स्क्रीनवर उरलेल्या संधी किती ते बघितलंत, फोन काउंटरवर उपडा ठेवलात आणि म्हणालात, "आता याला कुणी हात लावायचा नाही. सिम घेतलं तेव्हा ज्या मोठ्या कार्डातून तोडून निघालं, ते कार्ड आहे का घरात?" माझ्या आईला असं विचारणं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तिच्याकडे गॅसचं पहिलं पुस्तक आहे, विझलेल्या एलआयसीच्या पावत्या आहेत, माझ्या बालवाडीची फीची पावती आहे. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कार्ड सापडलं, मागं बारीक अक्षरांत पुक छापलेला. दुसऱ्या दिवशी घेऊन आलो.

इथून पुढचं मला नीट लिहायचं आहे.

पुक टाकल्यावर नवा पिन ठरवायचा होता. मी हात पुढं केला, कारण आतापर्यंत सगळीकडे तसंच चाललं होतं. प्रत्येक काउंटरवर आई शेजारी उभी आणि बोलणं माझ्याशी. "यांचं वय किती?" "यांना टच फोन जमेल का?" बाई समोर उभी आहे, दोन हातांनी मणभर मिरची भाजते, पण तिच्याबद्दल विचारायचं ते तिच्या लेकीला. तुम्ही तसं केलं नाहीत. तुम्ही स्टूल ओढून आईला बसवलंत, फोन तिच्याकडे वळवलात आणि मला म्हणालात, "ताई, तुम्ही जरा पाणी प्या. फोन मावशींचा आहे." मग तिला म्हणालात, "चार आकडे मनात धरा आणि तुम्हीच दाबा. मला सांगू नका," आणि खरोखर मान फिरवून शोकेसमधले हेडफोन नीट लावत बसलात.

बस, एवढंच. याच्यासाठी हे सगळं पत्र आहे.

कारण त्यानंतर जे झालं ते तिच्याशिवाय होऊच शकलं नसतं. सिम उघडलं, पण नावं अर्धवट. जुन्या सिमवर नावाला जागा चौदा-पंधरा इंग्रजी अक्षरांची, देवनागरीत लिहिलं तर त्याच्या निम्मी. भाच्यानं, शेजारच्या पोरीनं, कधी मी, ज्यानं जसं सुचेल तसं भरलेलं. पाच जाधव, तीन 'पुणे बाई', एक नुसताच 'मसाला'. त्या यादीपुढे मी नापास. तुम्ही नंबर वाचत होतात आणि आई डोळे मिटून सांगत होती. "शेवटी सत्तेचाळीस ना? ती वारज्याची. तिला खोबरं जास्त लागतं." "त्र्याऐंशी? साताऱ्याच्या बाई. त्यांच्यात लसूण खात न्हाईत चातुर्मासात, श्रावणाआधी विचारायचं." नावं अर्धी होती, आकडे पुरे होते, आणि आकड्यामागचं घर तिच्या डोक्यात होतं. तुम्ही तेच लिहीत गेलात, मराठीत, जसं ती बोलली तसं. 'वारजे खोबरं जास्त' असं नाव माझ्या आईच्या नव्या फोनमध्ये आज आहे.

एका नंबरावर ती थांबली. "ह्यो काढून टाक. दोन वर्सं झाली, किलोभर मसाल्याचे पैसे दिलं न्हाईत." तुमचं बोट डिलीटवर गेलं तोवर तिनं मत बदललं. "नको, राहू दे. फोन आला तर कळाया पायजे कोण हाय ते." तुम्ही न हसता त्या नावापुढे 'उधारी' लिहिलंत. मी मात्र हसले.

आणखी दोन गोष्टी लिहायलाच हव्यात, कारण त्या तुम्ही बोलून दाखवल्या नाहीत. नंबर आता गूगलवर राहतील, फोन हरवला तरी परत येतील, हे तुम्ही समजावलंत. त्यासाठी लागणारं जीमेलचं खातं तुम्ही आईच्या नावानं उघडलंत. हे सांगण्यासारखं आहे का? आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर दुकानदारानं स्वतःचंच जीमेल टाकून दिलं होतं, घाईत. त्यांच्या यादीत महिनोन्‌महिने भलत्यांचीच माणसं दिसत होती, आणि यांची माणसं कुणाकुणाकडे गेली देव जाणे. तुम्ही पासवर्ड आईच्या हिशेबाच्या वहीत तिच्याच हातानं लिहून घेतलात, शेवटच्या पानावर नाही, मधल्या. दुसरी गोष्ट: सिम मोठ्या मापाचं, नव्या फोनच्या खाचेत बसणारं नव्हतं, म्हणून नंबर आधी तुमच्या जुन्या हँडसेटवर उतरवून घ्यावे लागले. काम झाल्यावर तुम्ही तो हँडसेट आईसमोर धरलात, सगळे नंबर पुसलेत आणि रिकामी यादी दाखवलीत. "बघा मावशी, माझ्याकडे आता एकही नाही." कुणी मागितलं नव्हतं. माझ्या तर डोक्यातही आलं नव्हतं.

अलीकडे चांगल्या वागण्याला फार मोठी नावं दिली जातात. सेवाभाव, समाजकार्य, माणुसकीचा झरा वगैरे. तुमच्या दुकानात यातलं काही दिसलं नाही, आणि बरं झालं. मला दिसला तो एक धंदेवाला माणूस, जो दुसऱ्या धंदेवाल्या बाईला धंदेवाली म्हणून ओळखत होता. तिच्या गिऱ्हाइकांची यादी ही तिची मालमत्ता आहे, तिच्यात लुडबुड करायची नाही, हे तुम्हाला आतून माहीत होतं. गल्ल्यावर बसणाऱ्याला ते कळतं. एसीत बसून हेडसेट लावणाऱ्याला का कळत नाही, हा विचार मी बरेच दिवस करते आहे. त्याच्यासमोर यादी नसते, तक्रार क्रमांक असतो, असं एक उत्तर सुचतं. पण मग काउंटरवरच्या कात्रीवाल्याचं काय? त्याच्यासमोर तर आई उभी होती.

असो. रागावून लिहायला बसले नव्हते.

पहिला फोन आईनं त्याच संध्याकाळी गडहिंग्लजला लावला, माडीवर न जाता, चुलीपाशी बसून. भावावरून नेहमीसारखी घासाघीस झाली. पुण्याच्या बायकांना नवा फोन घेतल्याचं सांगून झालं, त्यातल्या एकीनं लगेच व्हॉट्सॅपवर मसाल्याचा फोटो मागितला, आणि आता आईला फोटो काढायला शिकवणं हे नवंच काम माझ्यामागं लागलं आहे. जुनं सिम कापडात गुंडाळून त्याच रेशनकार्डाच्या पिशवीत गेलं. टाक म्हटलं तर ऐकत नाही.

तुमचाही नंबर तिनं सेव्ह केला आहे, एकेक अक्षर शोधत, माझी मदत न घेता. काय नावानं केला ते सांगत नाही, ऐकून लाजाल. मिरच्या आल्या आहेत, गच्चीवर वाळत पडल्या आहेत, आठवड्याभरात डंकावर जातील. पहिल्या घाण्यातला दोन किलो तुमचा, असं तिनं ठरवलं आहे आणि त्यावर चर्चा नाही. तेवढं जहाल की मध्यम ते कळवा. आणि खोबरं जास्त हवं असेल तर आत्ताच सांगा, एकदा कुटल्यावर ती कुणाचं ऐकत नाही.

आपली,
मसालेवाल्या मावशींची मुलगी