जपानचं कर्जत

ताकासाकी,
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

आज दिवसभर तुझ्या बाबांची आठवण येत होती. मी जपानचं कर्जत बघून आलो.

नाव योकोकावा. आमच्या ताकासाकीहून साधी लोकल जाते, जेमतेम तीस किलोमीटर. शेवटचं स्टेशन आलं म्हणून उतरलो, तर खरोखरच शेवटचं. पुढे रूळच नाहीत, समोर नुसता डोंगर. फलाटावर माझ्यासोबत उतरलेले दहा-बारा जण, त्यातले निम्मे माझ्यासारखेच रेल्वेवेडे.

हे स्टेशन १८८५ सालचं. तेव्हाही रेल्वे इथेच संपायची, कारण पुढे उसुई घाट. वरचं कारुइझावा इथून साडेपाचशे मीटर उंच. मधे काही वर्षं घोड्यांच्या ट्रामने माणसं वर नेली. शेवटी १८९३ साली रूळ टाकले, अकरा किलोमीटरमध्ये २६ बोगदे. आणि चढ किती, तर १५ ला १, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर! आपला कर्जतच्या वरचा बोरघाट ३७ ला १, आणि त्याचंच तुझे बाबा केवढं कौतुक सांगायचे! एवढ्या चढावर नुसती चाकं घसरणार, म्हणून दोन रुळांच्या मधे दातेरी पट्ट्या बसवल्या आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवून गाडी वर ओढली. माथेरानलाही एवढं करावं लागलं नव्हतं. त्या जुन्या पट्ट्या आता कुठे आहेत सांगू? स्टेशनासमोरच्या गटारावर झाकण म्हणून! मी वाकून दात मोजत होतो, एक आजी थांबून बघत होत्या.

वाफेच्या इंजिनाला वर पोचायला सव्वा तास लागायचा. बोगद्यात धुराने माणसं गुदमरायची. त्यावरचा उपाय वाचून मी थक्क झालो. बोगद्याच्या तोंडाशी पडदा! गाडी आत शिरली की खालून वारा आत घुसतो आणि धूर गाडीबरोबरच वर चढतो. म्हणून शेवटचा डबा आत गेला की तिथल्या माणसाने धावत जाऊन पडदा ओढायचा. पुढची गाडी आली की उघडायचा. दिवसभर हेच काम. नाटकातल्या पडदेवाल्याला निदान नाटक तरी बघायला मिळतं. १९१२ साली विजेची इंजिनं आली आणि धुराचा प्रश्न मिटला.

जुनी वाट आता पायवाट केली आहे. तिथून चालत विटांच्या पुलापर्यंत गेलो. चार कमानी, ३१ मीटर उंच, वीस लाख विटा. बोगद्यांत आज ऑगस्टमध्येही गारवा होता. पण पुलापेक्षा माझा जीव स्टेशनातच अडकला होता.

कारण ऐक. १९६३ साली दातेरी रूळ गेले आणि नवा मार्ग झाला. चढ मात्र तोच. मग प्रत्येक गाडीला योकोकावाला दोन जादा इंजिनं जोडायची, नेहमी उताराच्या बाजूला. वर जाताना ती मागून ढकलणार, खाली येताना पुढे राहून गाडी अडवून धरणार. म्हणजे कर्जतला घाटासाठी जोडतात ते आपले बँकरच! वर जायला १७ मिनिटं आणि उतरायला २४. हे वाचल्यावर तुझ्या बाबांचा आवाजच ऐकू आला, "चढवणं कुणीही करेल रे, उतरवणाऱ्याला विचार."

आणि इंजिनं जोडेपर्यंत गाडी थांबली की लोक काय करणार? आपण कर्जतला काय करायचो? इथे वड्याऐवजी कामामेशी. स्टेशनाइतक्याच जुन्या ओगिनोया नावाच्या दुकानाने १९५८ साली काढलेला डबा. डबा कसला, चक्क मातीचं भांडं! त्यात गरम भात, वर चिकन, मशरूम, बांबूचे कोंब, लावी पक्ष्याचं अंडं, चेस्टनट आणि एक गोड जर्दाळू. त्या काळी प्रवासात गरम जेवण म्हणजे चैन होती. मोजक्या मिनिटांत विकायचं, आणि गाडी हलली की सगळ्या विक्रेत्यांनी फलाटावर ओळीने उभं राहून तिला कमरेत वाकून नमस्कार करायचा. आपल्याकडे गाडी हलली की सुट्ट्या पैशांसाठी खिडकीबरोबर धावाधाव!

३० सप्टेंबर १९९७ ला हे सगळं थांबलं. दुसऱ्या दिवसापासून नागानोची शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली. ती योकोकावाला शिवतच नाही, दुसरीकडून बोगद्यातून निघून जाते. जुन्या घाटातले रूळ बंद केले, आता वर जायला बस आहे. सुध्या, मला हे पटलं नाही. शंभर वर्षं माणसांनी ज्या चढाशी झुंज घेतली, तो एका रात्रीत बिनकामाचा? पण हिशेब त्यांच्याच बाजूने आहे. खालून वर फक्त घाटापुरता जाणारा माणूस असतो किती? आणि दोन-दोन इंजिनं पोसायची कुणासाठी?

इंजिनं आता स्टेशनाशेजारच्या संग्रहालयात आहेत. प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालात तर त्यातलं एक स्वतः चालवायलाही देतात. बाबांना सांग. नाही, नकोच सांगू, तिकीट काढायला लावतील.

कामामेशी मात्र अजून मिळते. मी फलाटाच्या बाकावर बसून खाल्ली. गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती, घाई कुणालाच नव्हती. रिकामं भांडं लोक घरी नेतात, त्यात एका माणसाचा भात छान शिजतो म्हणे. मी दोन आणलीत. एक काकूंना. दिवाळीत येताना पिशवीत हातातच धरून आणीन, सामानात फुटेल. आत चिकन होतं हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस.

तुझा,
नंद्या