सिस्टर, तुमच्या ट्रंकेतल्या शालूसाठी

साखळी, गोवा

आदरणीय सिस्टर,

सलाम.

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, हे ठाऊक आहे. इथं होतात तोवर मी तोंड उघडलं की तुम्ही चहाचा कप पुढे करायचा आणि विषय संपवायचा. आता तुम्ही मिरजेला पुतण्याकडे आहात, नजर अधू झाली आहे, हे पत्र कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवणार. मध्येच थांबवू नका. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण 2012 च्या खाणबंदीनंतर डिचोली-साखळीच्या ज्या घरांतली झोप उडाली, त्यांतल्या कुणाच्या तरी हाती हे पडावं असं वाटतं.

तेव्हा खाणीचं खनिज वाहणारे माझे दोन टिपर होते. वडील नगरकडून खाणीवर मजुरीला आले, आणि त्यांचा मुलगा गाडीमालक झाला, याचा मला फार अभिमान. पहिली गाडी फिटली होती, दुसरी पूर्ण कर्जावर. पावसाळ्यात गाड्या उभ्याच असतात, गणेशचवथीनंतर सीझन सुरू होईल म्हणून मी नवे टायरही उधारीवर घातले. सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. सीझन आलाच नाही. हप्ते मात्र दर महिन्याला येत राहिले.

त्याआधी कितीतरी रविवारी तुमच्या ओसरीवरच्या प्रार्थनेला मी बसलो होतो. खरं सांगतो, डोळे मिटले की मला जेटीवरची, खनिज उतरवायच्या धक्क्यावरची, गाड्यांची ओळ दिसायची. ड्रायव्हरनं आज किती ट्रिपा मारल्या असतील, डिझेल किती चोरलं असेल. तुम्ही बायबलातल्या मत्तयचा सहावा अध्याय वाचायचात, 'पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तेथे कसर व जंग खाऊन नाश करतात', आणि मला वाटायचं, हे ज्यांच्याकडे पुष्कळ साठलं आहे त्यांच्यासाठी आहे. आपण तर अजून कर्जात.

पुढच्या जुलैत, भर पावसात, दुसऱ्या टिपरच्या दारावर हात ठेवला तर पत्र्याचा पापुद्रा हातात आला. त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आलो आणि नको ते बोललो. "तुमच्या स्वर्गातून हप्ते भरायचे का आता?" असं ओरडलो. ते वाक्य आजही आठवलं की पोटात कालवतं. तुम्ही रागावला नाहीत. उठून पलंगाखालची ट्रंक ओढलीत आणि लग्नातला शालू माझ्या मांडीवर ठेवलात. काठ जसाच्या तसा होता, अंगभर मात्र बारीक बारीक भोकं. "कसर म्हणजे काय, ठाऊक आहे?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, उणीव, कमतरता. "नाही रे. ही. कापडाला लागते ती कीड." इतकी वर्षं तो शब्द ऐकत होतो, अर्थ त्या दिवशी कळला. तुम्ही म्हणालात, "हा शालू मी जपून ठेवला म्हणूनच खाल्ला गेला. नेसले असते तर निदान अंगावर फाटला असता."

त्यानंतर उपदेश येईल म्हणून मी मान खाली घालून बसलो. तुम्ही वही मागवलीत. कुणाचं किती देणं, सगळं लिहायला लावलंत. बायकोपासून लपवलेली दोन कर्जं होती, तीही. "आजच घरी जाऊन सांग. ज्याचं वतन वर राखून ठेवलेलं आहे, त्याला खालचं काही लपवायचं कारण नाही." बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातली ती ओळ तुम्ही नंतर मला काढून दिलीत. वतन हा शब्द मला लागला. नगरला आमचं काही उरलं नव्हतं, इथलं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत. गोव्यात तीन पिढ्यांचे वाद जमिनीच्या तुकड्यावरून चालतात, भावंडं इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसावाटणीच्या, खटल्यात म्हातारी होतात, आणि आमच्याकडे भांडायलाही तुकडा नव्हता. त्याच पानावर पेत्र 'जिवंत आशा' म्हणतो, ती येशूच्या मेलेल्यांतून उठण्यावर उभी आहे. बाजार उठण्यावर नाही, खाणी सुरू होण्यावर नाही. 2018 मध्ये 88 खाण-लीझांची नूतनीकरणं रद्द झाली आणि खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा हे वाक्य मी स्वतःला किती वेळा म्हणून दाखवलं असेल.

बायकोला सांगितलं. ती रडली, मग माझ्याबरोबर बसली. दुसरा टिपर पडत्या भावात विकला. गाडी गेली म्हणजे मी गेलो, असं जोवर वाटत होतं तोवर विकणं जमलंच नसतं. लोक म्हणतात, स्वर्गाकडे बघणाऱ्याचं संसाराकडे दुर्लक्ष होतं. माझ्या घरात उलट घडलं. वर बघायला शिकलो तेव्हाच खालचा हिशोब उघड्या डोळ्यांनी मांडता आला.

आणि थोरल्या मुलीची फी. दोन वर्षांची, तुमच्या ठेवीतून. तुम्हाला भीती नाही वाटली का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट सांगितलीत. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, 1919 मध्ये ते गेले. "हातात दोनच वर्षं आहेत हे त्यांना थोडंच माहीत होतं," एवढंच म्हणालात.

एकदा जुन्या गोव्याला नेलंत, आठवतं? सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चपाशी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उभं राहिलेलं, 1835 मध्ये सोडून दिलेलं. 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग, नुसता जांभा. मला वाईट वाटत होतं. तुम्ही दगडावर टेकून म्हणालात, "चर्चसुद्धा पृथ्वीवरच असतं, बाबा." तिथंच तुम्ही मला मत्तयच्या त्या वचनाचा शेवट समजावलात. जिथं तुझं धन, तिथं तुझं मनही लागेल. मी उलटं समजत होतो, की आधी मन देवाकडे लागावं, मग हात सैल होईल. तुम्ही म्हणालात, धन आधी जातं, मन त्याच्या मागून चालत येतं. मन कुठं हवंय ते ठरव आणि तिकडं काहीतरी पाठव. ख्रिस्तानं दिलेलं वतन विकत घ्यायचं नसतं, हेही तुम्ही दोनदा बजावलंत, कारण मी लगेच हिशोब करू लागलो होतो.

2016 मध्ये फीचे पैसे पाकिटात घालून आणले. तुम्ही हात लावला नाहीत. "वर ठेवलेलं परत काढत नाहीत." मग पाकीट आमच्याच एका जुन्या ड्रायव्हरच्या घरी गेलं, त्याच्या मुलाच्या फीला. त्या दिवसापासून प्रार्थनेत डोळे मिटले की मला तो मुलगा दिसतो.

आता माझ्याकडे एक पिकअप आहे. चोर्ला घाटातून बेळगावची भाजी आणतो. थोरली फोंड्याला लॅबमध्ये लागली. रविवारची प्रार्थना आमच्या घरी भरते. तुमच्या शालूचा काठ तिनं सोडवून बायबलच्या टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला शिवला आहे. उरलेलं कापड तिनं टाकलं नाही.

पुढच्या शनिवारी बेळगावला आहे, तिथून बसनं मिरजेला येतो. थोरलीही येते म्हणते. कोकम आणि थोडा फणस आणतो, आणखी काही हवं असेल तर पुतण्याला फोन करायला सांगा.

तुमचा,
साखळीचा टिपरवाला